मोहाचे नाव कोणी ठरवले?

वरोऱ्याहून गडचिरोलीकडे निघालो की मोह दिसतोच. पहाटे त्याच्याखाली टोपली घेऊन बसलेल्या बाईला लॅटिन नाव लागत नाही. पण त्या नावाचा इतिहास बघण्यासारखा आहे.

लिनिअसचा शिष्य कोनिग 1768 साली तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला आला. तिकडच्या लांब पानांच्या मोहाला त्याने 'बासिया लाँगिफोलिया' म्हटले. लिनिअसने ते 1771 मध्ये छापले. बासी म्हणजे इटलीतल्या बोलोन्याचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याचा मोहाशी संबंध? काही नाही! पुढे रॉक्सबर्गने आपल्याकडच्या रुंद पानांच्या मोहाला 'बासिया लॅटिफोलिया' केले.

घोटाळा पुढेच आहे. 1766 सालीच अ‍ॅलिओनीने चाकवताच्या गोतातल्या एका रोपाला बासिया हे नाव देऊन टाकले होते. एका नावाचे दोन वंश चालत नाहीत. जो आधी, त्याचे नाव. मग मोहाला काय म्हणायचे? ग्मेलिनने 1791 मध्ये छापलेले 'मधुका' कामी आले, म्हणजे आपला संस्कृत मधूकच. 1918 साली मॅकब्राइडने 'मधुका लाँगिफोलिया' हे नाव जुळवले. परका गृहस्थ गेला, मधूक राहिला. आम्हाला मजा वाटते, पण याला न्याय म्हणवत नाही. तारखांचा हिशेब लागला, इतकेच.

शिवाय आपला रुंद पानांचा मोह त्या लांब पानांच्या मोहाचा नुसता उपप्रकार ठरला. काही पुस्तके अजून त्याला वेगळी जात धरून 'मधुका इंडिका' लिहितात. किती फरक पडला की जात वेगळी, हे झाड सांगत नाही हो. ते माणूस ठरवतो.

वेचणाऱ्यांचीही वाटणी आहे: मार्च-एप्रिलला मोहफूल, नंतर टोळी. गळतो तो गोड पाकळ्यांचा भाग. बीजकोश फांदीवरच राहतो. म्हणून फुले वेचली तरी फळ धरते.

तिसरी वाटणी सरकारची. 1949 च्या दारूबंदी कायद्याने मोहफूल दारूच्या मालात घातले. 2006 च्या वनहक्क कायद्याने तेच फूल गौण वनोपज म्हणून वेचणाऱ्यांच्या मालकीचे केले. लॅटिन नाव चुकले तर कोणाच्या घरची चूल विझत नाही. इथे मात्र फुलांची गोणी बाजारात न्यायची की नाही, हे त्यावर ठरत होते. राज्याने ती बंधने सैल केली 2021 साली.