फिनिक्सची चिमणी

मुंबईला गेलेला गोंयकार हल्ली हटकून लोअर परळच्या फिनिक्स मॉलमध्ये जातो. तिथे गिरणीची जुनी चिमणी अजून उभी आहे, तिच्या आजूबाजूला फोटो निघतात. चिमणी कसली, हे फारसे कुणी विचारत नाही.

कावसजी दावर यांनी 1854 साली मुंबईत पहिल्या सूतगिरणीची स्थापना केली. ताडदेवला ती 1856 साली सुरू झाली. फिनिक्स त्या मानाने धाकटी, 1905ची. बॉयलरचा धूर उंच नेऊन सोडणे हे चिमणीचे काम. विणाईच्या शेडांचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असे आणि काचा उत्तरेकडे, म्हणजे उजेड भरपूर, ऊन मात्र नाही. सूत तुटू नये म्हणून आतली हवा दमट राखत. कापसाची बारीक धूळ त्याच हवेत तरंगायची, ती कामगारांच्या छातीत जाऊन बसली. इमारत बांधली होती सुतासाठी, माणसांसाठी नव्हे!

18 जानेवारी 1982ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो विरत गेला. बऱ्याच गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्या नाहीत, आणि कापडापेक्षा खालची जमीन महाग झाली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस फिनिक्सच्या आवारात बोलिंग आले, मग दुकाने.

आता जमिनीचा हिशोब बघा. 1991च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जागेचे तीन वाटे व्हायचे: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. 2001 साली नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. ज्या जमिनीवर शेडा होत्या ती हिशोबातून सुटली. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 2006 साली न्यायालयाने हा बदल कायम ठेवला.

जुन्या वास्तू जपाव्यात या मताचा मीही आहे. पण चिमणी जपायला जागा फार लागत नाही. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली 2012 साली, संपाला तीस वर्षे झाल्यावर. घरे होती सात हजारांच्या आत, अर्ज लाखाच्या वर. कित्येक अर्ज वारसांचे होते.