गंधकाचं मलम आणि सशाची लूत

डी. फार्म. होऊन मी सासरच्या दुकानात बसू लागले, तेव्हा मलमं दुकानातच तयार होत. काउंटरच्या आत जाड काचेची एक पाटी होती. तिच्यावर मामंजी गंधकाची पूड आणि पांढरं पॅराफिन घोटायचे. दहा भागांत एक भाग गंधक, लहान मुलांसाठी त्याच्या निम्मा. आधी सगळा गंधक चमचाभर पॅराफिनमध्ये घोटायचा, चिमटीत धरून पाहायचा, बोटाला एकही कण लागेनासा झाला की मगच उरलेलं पॅराफिन थोडं थोडं मिसळायचं. कण राहिला तर खाजवून सोललेल्या कातडीला तो बोचतो, म्हणून या घोटण्यात ते कधी घाई करत नसत. थंडी पडू लागली की खरूज घेऊन वसतिगृहातली मुलं यायची, एकेका घरातली चार-पाच माणसं यायची. मामंजींचं सांगणं ठरलेलं: मानेपासून तळपायापर्यंत लावा, सलग तीन रात्री लावा, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी सुरू करा, खाज एकालाच असली तरी.

यंदा माझ्या नातीच्या दोन सशांना लूत, म्हणजे जनावरांची खरूज, लागली आणि या तिसऱ्या सूचनेकडे मी पुन्हा वळले. खरजेचा इतिहास मी बरीच वर्षं वाचत आले आहे. त्यात विद्यापीठांतले मोठे वैद्य बहुतेक वेळा चुकलेले दिसतात. बरोबर ठरतात ती हातात टाचणी घेऊन दिव्याजवळ बसलेली माणसं. आणि त्यांच्यात आमच्या धंद्यातला एक जण आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

त्याचं नाव जाचिंतो चेस्तोनी. इटलीतल्या लिवोर्नो बंदरात त्याचं औषधांचं दुकान होतं. त्याचा तरुण मित्र जोव्हानी कोझिमो बोनोमो हा डॉक्टर. लिवोर्नोत गलबतांवर वल्ही मारणारे गुलाम आणि कैदी डांबून ठेवलेले असत आणि त्यांच्यात खरूज कायमची. हे लोक टाचणीच्या टोकाने एकमेकांच्या कातडीतून काहीतरी काढत आणि नखावर चिरडत. गरीब बायकाही आपल्या पोरांच्या हातांवर हेच करत. चेस्तोनी आणि बोनोमोने असा एक ठिपका काढवून घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. चालणारा जीव दिसला, कासवासारखा फुगीर, अंगावर राठ केस. एकदा तर त्याच्या मागून अंडं बाहेर पडताना त्यांनी पाहिलं. १८ जुलै १६८७ ही तारीख घालून बोनोमोने फ्रान्चेस्को रेदी या नामवंत निसर्गशास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. खरूज या जीवामुळे होते, तो एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातो म्हणून ती पसरते, आणि म्हणून पोटातून औषध देण्यात अर्थ नाही, ते वरूनच लावलं पाहिजे, अशी त्या पत्राची मांडणी होती. एखाद्या रोगाचं नेमकं कारण असं डोळ्यांनी पाहून सांगितल्याचं इतकं जुनं उदाहरण वैद्यकात क्वचितच सापडेल.

पत्र छापलं गेलं आणि मागे पडलं. पोपचा वैद्य जोव्हानी मारिया लांचिसी याला ते पटलं नाही. त्या काळच्या वैद्यकाच्या मते खरूज म्हणजे बिघडलेल्या शरीररसाचा उद्रेक. किडा दिसतोच तर तो त्या घाणीत नंतर झालेला. पुढे १७१० मध्ये चेस्तोनीने वालिस्नेरी या अभ्यासकाला कळवलं की हा शोध मूळचा आपला. श्रेय कोणाचं किती यावर अजूनही लिहिलं जातं. माझा कौल औषधवाल्याच्या बाजूने झुकतो हे उघड आहे, पण टाचणी धरणाऱ्या त्या बायकांचा हक्क दोघांच्याही आधीचा.

लांचिसीला दूर इटलीत शोधायची गरज नाही. ‘रक्तात उष्णता झालीय, रक्तशुद्धीचं काहीतरी द्या’ असं म्हणत खरजेची माणसं आमच्या काउंटरवर आयुष्यभर येत राहिली. खरं तर आपल्याकडे बाहेरून लावायची औषधं चांगली होती. गंधक होता, कडुनिंब होता, कोकणात करंजेल होतं. पण लेप मध्येच सोडायचा आणि काढा मात्र महिनाभर घ्यायचा, अशी तऱ्हा.

पॅरिसमध्ये तर आणखी वाईट घडलं. १८१२ मध्ये गालेस नावाच्या एकाने सँ-लुई रुग्णालयात खरजेचा किडा दाखवला, चित्रांसह प्रबंध लिहिला. पुढे लोकांनी ती चित्रं ताडून पाहिली तेव्हा तो जुन्या चीजमध्ये होणारा किडा निघाला. खरा किडा कोणालाच सापडेना, म्हणून तो नाहीच, असं मत बळावलं. त्याच रुग्णालयात ऑगस्ट १८३४ मध्ये रेनुच्ची या कॉर्सिकाच्या विद्यार्थ्याने सगळ्यांदेखत सुईच्या टोकावर जिवंत किडा काढून दाखवला. आपल्या बेटावरच्या बायकांना त्याने हे करताना लहानपणापासून पाहिलं होतं. डॉक्टर पाणी भरलेल्या फोडात शोधत होते. मादी मात्र कातडीत बारीक बोगदा पोखरत पुढे सरकते आणि फोडापासून लांब, बोगद्याच्या टोकाशी बसते. बायकांना ते टोक माहीत होतं, एवढंच. पुढे व्हिएन्नात फर्डिनांड हेब्राने स्वतःच्या अंगावर हे किडे सोडून उरलासुरला वाद संपवला.

मामंजींच्या तिसऱ्या सूचनेचं उत्तर मात्र मला सापडलं दुसऱ्या महायुद्धातल्या शेफील्डमध्ये. ब्रिटिश सैन्यात खरजेने धुमाकूळ घातला होता. घोंगड्या आणि कपडे वाफवून निर्जंतुक करण्यात मनुष्यबळ आणि इंधन खर्च होत होतं. केनेथ मेलन्बी या कीटकशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये, युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेल्या तरुणांना सोबत घेऊन प्रयोग सुरू केले. या तरुणांनी खरूज झालेल्या सैनिकांच्या न धुतलेल्या घोंगड्या पांघरल्या, त्यांचे आतले कपडे घातले, आणि लागण फारच थोड्यांना झाली. मग ते रोग्यांशेजारी एकाच अंथरुणात झोपले, तेव्हा मात्र झाली. एका रोग्याच्या अंगावर मोठ्या माद्या सरासरी अकराच्या आसपास निघाल्या. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट अशी की पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला पहिला महिनाभर खाजच सुटत नाही. अंगावर किडे आहेत, ते दुसऱ्याला देतोय, आणि स्वतःला पत्ता नाही. खाज नसलेल्यालाही मलम का, ते इथे कळतं. मामंजींनी मेलन्बीचं नावही ऐकलं नसावं. अख्खं घर पुन्हा पुन्हा दुकानात आलेलं पाहून ते त्याच निष्कर्षावर पोचले होते.

आता नातीचे ससे. बुंदी आणि काजू, दोघे एकाच पिंजऱ्यात वाढलेले. आधी बुंदीच्या नाकावर पांढरट भुकटी दिसली, पीठ लागल्यासारखी. मग ओठांच्या कडेला, कानांच्या काठावर आणि नखांच्या मुळाशी जाड करड्या खपल्या धरल्या. काजू वरून ठणठणीत. पशुवैद्यक बाईंनी बुंदीच्या पायाची खपली बोथट पात्याने खरवडली, काचपट्टीवर तेलाच्या थेंबात घेतली आणि मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. वाटोळं अंग, पुढे आखूड पायांच्या दोन जोड्या, मागच्या दोन जोड्या अंगाखाली जवळजवळ लपलेल्या, आणि शेजारी दोन लांबट अंडी. लिवोर्नोत काचेखाली दिसला तो याच कुळातला जीव. माणसाचा, कुत्र्याचा, सशाचा असे त्याचे वाण वेगवेगळे. सशाचा माणसावर आला तर पुळ्या उठतात, खाजही सुटते, पण त्याला तिथे संसार मांडता येत नाही. नातीच्या मनगटावर चार पुळ्या उठल्या आणि ससे बरे झाल्यावर आपोआप गेल्या.

माणसाचं मलम सशाला चालत नाही. ससा दिवसभर स्वतःला आणि सोबत्याला चाटत असतो, म्हणजे लावलेलं सगळं पोटात. आंघोळ घालावी तर भीतीनेच त्याचं बरंवाईट होऊ शकतं. तेल लावून खपल्या सोलण्याची जुनी रीत तर क्रूर आहे. खाली उघडी कातडी असते, किडे मेले की खपल्या आपसूक गळतात. मग उपाय आला कुठून, तर जपानच्या मातीतून.

सातोशी ओमुरा हे टोकियोच्या कितासातो संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ. जातील तिथली माती उचलायची म्हणून प्लास्टिकची छोटी पिशवी त्यांच्या खिशात कायम. १९७० च्या दशकात इतो शहराजवळ कावाना इथल्या गोल्फ मैदानालगतच्या मातीतून त्यांना एक जिवाणू मिळाला. तो अमेरिकेत मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत गेला. तिथे विल्यम कॅम्बेल या मूळच्या आयरिश परजीवीतज्ज्ञाच्या गटाने, पोटात जंत असलेल्या उंदरांवर त्याचा अर्क तपासला आणि जंत नाहीसे झाले. त्या द्रव्यात थोडा फेरफार करून आयव्हरमेक्टिन तयार झालं. १९८१ पासून ते जनावरांसाठी विकलं जाऊ लागलं. १९८७ मध्ये मर्कने आफ्रिकेतल्या नदी-अंधत्वाच्या रोग्यांसाठी ते फुकट द्यायला सुरुवात केली. २०१५ मध्ये ओमुरा आणि कॅम्बेल यांना नोबेल मिळालं. २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगासाठी तीन औषधांची मोहीम निघाली, त्यातलं एक हेच.

किड्याच्या मज्जातंतूंत ग्लुटामेटने उघडणारी क्लोराइडची जी दारं असतात, ती हे औषध उघडी पाडतं, किडा लुळा पडतो आणि मरतो. तशी दारं सस्तन प्राण्यांत नाहीत. म्हणून योग्य मात्रेत ससा सुखरूप राहतो. प्रश्न मात्रेचाच आहे. बाजारातली बाटली गाईम्हशींच्या हिशेबाची, एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम, ५० किलो वजनाला १ मिलिलिटर. बुंदीचं वजन दीड किलो. सशाला किलोमागे ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम देतात, म्हणजे बुंदीला फार तर ०.०६ मिलिलिटर. इन्सुलिनच्या U-100 सिरिंजवर जेमतेम सहा युनिट. एवढा बारीक हिशेब अंदाजाने कसा करणार? बाईंनी दोन्ही सशांना काट्यावर ठेवून वजन घेतलं आणि मगच मानेमागे कातडीखाली सुई दिली. काजूलाही, त्याच दिवशी.

अंड्यांवर या औषधाचा परिणाम होत नाही. तीन-चार दिवसांत ती फुटतात, पुढे दोनेक आठवड्यांत पिल्लं अंडी घालण्याजोगी होतात. म्हणून दहा ते चौदा दिवसांनी दुसरी सुई, आणि बहुधा तिसरीही. पहिल्या सुईनंतर आठवड्यात ससा छान दिसू लागतो आणि पुष्कळ लोक तिथेच थांबतात. तीन रात्रींच्या मलमातली पहिलीच रात्र लावून थांबणारे मी पुरेसे पाहिले आहेत. नातीने दुसरी तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल खुणेने लिहिली. रोज गवत बदललं, लाकडी खोकं फेकून दिलं, पिंजऱ्याची जाळी गरम पाण्याने घासली. ओठ दुखत असल्यामुळे बुंदी कडक गवताला तोंड लावत नव्हती, तेव्हा कोथिंबीर आणि कोवळी लसूणघास पुढे केली. ससा बारा तास काहीच खात नसेल तर लूत बाजूला राहू द्या, आधी डॉक्टर गाठा. त्याचं आतडं थांबलं की तो त्यानेच जातो.

एक विनंती माझ्या धंद्यातल्या मंडळींना. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी फिप्रोनिलचे थेंब मिळतात. ‘ससा आहे, चालेल ना?’ असं विचारत गिऱ्हाईक येतं आणि पुष्कळदा आपण ते देऊन मोकळे होतो. फिप्रोनिल सशाला विषारी आहे, त्याने ससे मेले आहेत. ते देऊ नका. आयव्हरमेक्टिनची बाटलीसुद्धा चिठ्ठीशिवाय आणि वजन विचारल्याशिवाय देऊ नका. जवळच्या पशुवैद्यकांचा पत्ता काउंटरवर लिहून ठेवा आणि गिऱ्हाइकाला तिकडे पाठवा.