सिन्नरचा दगड आणि सांध्याचें शास्त्र

हेमाडपंती देवळांविषयीं आपल्या लोकांत एक समज फार रूढ आहे. चुन्यावांचून तीं उभीं आहेत म्हणून तीं आश्चर्यकारक, एवढें म्हटलें कीं पुष्कळांचें समाधान होतें. नाशिकहून सिन्नरास जाऊन गोंदेश्वराचें यादवकालीन देऊळ पाहणारे बहुधा हेंच बोलत परततात. आमच्या मतें या कौतुकानें मूळ प्रश्न झांकला जातो. चुना नाहीं, तर दगडाला जागेवर धरतें कोण?

याचें उत्तर घरच्या जात्यापाशीं सांपडतें. मोकळ्या वस्तूस सहा प्रकारें हालतां येतें. तीन दिशांस सरकतां येतें आणि त्याच तीन दिशांभोंवतीं फिरतां येतें. वरची तळी खालच्या तळीवर नीट बसली कीं, भारामुळें तिचें वरखालीं होणें व दोहों अंगांस कलणें थांबतें. मधली खीळ भोंकांत शिरली कीं आडवें सरकणेंही संपतें. उरतें तें केवळ गरगर फिरणें, आणि दळणाला तेवढेंच हवें असतें. म्हणून सांधणें म्हणजे चिकटविणें नव्हे. कोणती हालचाल काढून घ्यावी व कोणती राखावी, याचा तो निर्णय आहे.

देवळाच्या दगडाला एकही हालचाल नको असते. तो सपाट थरावर बसला कीं तीन हालचाली जातात. एका बाजूच्या सपाट दगडास भिडला कीं आणखी दोन. आणि उरलेलें एक सरकणें दुसरा शेजारी अडवितो. वरच्या थरांचा भार ही जुळणी आवळून धरतो. सारें कसब त्या भिडणाऱ्या पृष्ठांच्या खरेपणांत आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत, चैत्याच्या दर्शनी भागावर, लांकडी वाशांचें व तुळयांचें अनुकरण कातळांत कोरलेलें आहे. तेथें सांधा दिसतो, परंतु तो कांहीं धरीत नाहीं. सिन्नरास तो खरोखर धरतो.

हें श्रेय मात्र भलत्याच्या पदरीं पडलें. हेमाद्रि हा महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतला. त्याच्या नांवावर चढलेलीं कित्येक देवळें त्याच्या पूर्वीचीं आहेत. मंत्र्याचें नांव राहिलें. पाथरवटांचीं नांवें गेलीं.

१९६३ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यासंस्थेंत इव्हान सदरलंड यांनीं ‘स्केचपॅड’ सिद्ध केलें. पडद्यावर रेघा काढून ‘या दोन समांतर असाव्या’ अशी अट घातली कीं यंत्र आकृति त्याप्रमाणें जुळवून घेई. आज संगणकावर यंत्राचे भाग जोडणारा अभियंता त्याच वाटेनें जातो. पृष्ठास पृष्ठ टेकवावें, आंसाशीं आंस मिळवावा. अशा अटीस तो ‘मेट’ म्हणतो. अटी कमी पडल्या तर भाग मोकळा राहतो. परस्परविरुद्ध घातल्या तर यंत्र अडून बसतें. जात्याचा न्यायच येथें शब्दांत मांडलेला दिसतो.

तरीही दोहोंत एक भेद आहे. संगणकांतलें पृष्ठ मुळांतच निर्दोष असतें आणि त्याच्या सांध्यावर भार नसतो. तेथें अट सांगितली कीं पाळली गेली. पाथरवटाला ती अट टांकीनें दगडाकडून पाळवून घ्यावी लागे. उलट त्याची अट कागदावर उतरली नाहीं, हातांत राहिली, आणि हाताबरोबर गेली. हें आपलें मोठें नुकसान होय.

अगदींच सर्वस्व मात्र गेलें नाहीं. जुन्या देवळाचा दगड निखळून पडला तरी घडविलेलीं पृष्ठें त्याच्या अंगावर असतात. कोणती बाजू थरावर होती, कोणती शेजाऱ्यास भिडत होती, हें तीं अजून सांगतात. असे दगड वाचावयास शिकणें, हा चुन्याच्या नवलापेक्षां अधिक खरा इतिहास आहे.