पिवळी पट्टी, लाल शाई आणि नागमोडी रेघ

रत्नागिरीहून बोलतोय. तुमच्यातले बरेच जण कोड लिहिता, म्हणून आज हा विषय. डॉक्युमेंटेशनमध्ये वीस ओळींचं सॅम्पल असतं आणि त्यातल्या दोन ओळींमागे पिवळी पट्टी. म्हणजे, इथे बघ, बाकीचं नेहमीचंच. ही युक्ती कम्प्युटरच्या खूप आधीची, आपल्या पोथ्यांमधलीसुद्धा.

पोथीत शब्द सलग लिहिलेले, मध्ये जागा नाही. मग नजर थांबणार कुठे? म्हणून मजकूर काळ्या शाईत, आणि ‘उवाच’, अध्यायाचा शेट, श्लोकांचे आकडे लाल. कधी हिंगुळाच्या शाईने, कधी नुसता वरून गेरू फिरवून. पिवळा रंगही होता, पण उलट्या कामाला! चुकलेल्या अक्षरांवर हरताळ लावून ती झाकायची. ‘हरताळ फासणे’ आलं ते इथूनच. आपला पिवळा म्हणतो ‘हे वाच’, त्यांचा म्हणायचा ‘हे वाचू नकोस’.

मला मात्र सगळ्यात आवडते ती छापील पुस्तकातली एक खूण. पुण्याची भांडारकर संस्था ज्यांच्या नावाने आहे, ते रा. गो. भांडारकर आमच्या रत्नागिरीत शिकले आणि इथेच हेडमास्तरही होते (एवढा अभिमान चालेल ना?). तिथे १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. १९२५ पासून मुख्य संपादक वि. स. सुकथनकर, केंब्रिजला गणित शिकलेला माणूस.

प्रॉब्लेम आपल्या ओळखीचा. प्रत्येक नक्कल म्हणजे नवा फोर्क. त्यात नकलकार दोन-तीन प्रती समोर ठेवून मनाने मर्जही करायचे. कमिट हिस्टरी शून्य.

सुकथनकरांनी निवडलेला पाठ वर छापला, बाकीचे पाठभेद खाली. मागाहून घुसलेल्या ओळी ताऱ्याची खूण देऊन खाली उतरवल्या. आणि जिथे पुरावा अपुरा, त्या शब्दाखाली नागमोडी रेघ! म्हणजे हा शब्द मी निवडलाय, पण खात्री नाही. ती रेघ नसती तर पान स्वच्छ दिसलं असतं आणि प्रत्येक शब्द सारखाच पक्का वाटला असता. महाभारतासारख्या ग्रंथात ‘खात्री नाही’ असं छापायला धाडस लागतं राव.

सुकथनकर १९४३ मध्ये गेले. काम १९६६ मध्ये पुरं झालं. तोवर १२५९ हस्तलिखितं तपासून झाली होती.

आपल्या डॉक्युमेंटेशनमध्ये ‘ही ओळ चालते, पण का ते आम्हाला नक्की माहीत नाही’ अशी खूण मी अजून पाहिलेली नाही. तुम्ही पाहिली असेल तर कळवा.