मुंबई स्पेशल

भगवी, जांभळी किंवा पोपटी तबकडी, तिच्यावर एखाद्या नावाजलेल्या जुन्या कंपनीचे नाव, आत चालू मशीन आणि किंमत अगदीच बेताची. परदेशातले जुनी घड्याळे जमवणारे हौशी अशा घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि नवख्याला पहिला सल्ला देतात तो त्यापासून लांब राहण्याचा. सल्ला रास्त आहे. पण ज्या हातांनी ही घड्याळे घडवली, त्यांचे कसब निव्वळ फसवणुकीत जमा करणे हा अन्याय आहे.

मुंबईला घड्याळाची ओढ जुनी. 1878 मध्ये राजाबाई टॉवर पूर्ण झाला, त्याचे घड्याळ लुंड अँड ब्लॉकली या इंग्रज कंपनीचे. फाव्हर-लुबासारख्या स्विस कंपन्यांनी 19व्या शतकातच इथे बस्तान बसवले होते. वेस्ट एंड वॉच कंपनीचा तर सारा भर भारत आणि पश्चिम आशियाच्या बाजारावर होता. तिची घड्याळे पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढणाऱ्या हिंदी फौजेच्या मनगटांवरही होती. पुढे घड्याळ लग्नाच्या बोलणीत शिरले. सायकल, रेडिओ आणि मनगटी घड्याळ ही जावयाच्या मागण्यांची यादी महाराष्ट्रातल्या कित्येक वधुपित्यांनी पोटाला चिमटा काढून पुरी केली.

एवढ्या कष्टाने आलेली वस्तू बंद पडली म्हणून कोण फेकून देणार? ती घड्याळजीकडेच जाणार.

घड्याळजीची खरी परीक्षा स्वातंत्र्यानंतर लागली. 1957च्या सुमारास परकीय चलनाची चणचण तीव्र झाली आणि आयातीवरचे निर्बंध आवळले गेले. परदेशी घड्याळे मग सोने आणि ट्रान्झिस्टर यांच्या जोडीने चोरट्या वाटेने येऊ लागली. पण अशा घड्याळाला कंपनीचे सुटे भाग कुठून मिळणार? मेलेल्या घड्याळाचे चक्र काढून जित्या घड्याळात बसवायचे, मोडलेला दांडा छोट्या लेथवर नव्याने कातायचा, काटे या कंपनीचे तर काच त्या कंपनीची, असा संसार सुरू झाला. एका मशीनमध्ये तीन घड्याळांचे अवयव नांदू लागले. गिऱ्हाइकाची हरकत नव्हती. त्याला गाडीची वेळ गाठायची होती.

तबकडीचे दुखणे मात्र इथल्या हवेचे. जुन्या घड्याळांच्या केसमध्ये दमट हवा सहज शिरते, घाम किल्लीच्या बाजूने झिरपतो, चारदोन पावसाळ्यांत लाखेचा थर काळवंडतो आणि आकडे उडतात. मग जुना रंग खरवडायचा, खालचा पितळी पत्रा चकचकीत करायचा, नवा रंग चढवून नाव आणि आकडे पुन्हा छापायचे. यात लबाडी नव्हती. लोक ते मागून करून घेत आणि नव्यासारखे झाल्याचे समाधान घेऊन जात. मात्र बारकाईने पाहिले की हात दिसतो: अक्षरांच्या कडा फुटलेल्या, मिनिटांच्या रेघा खुणांशी न जुळणाऱ्या, कंपनीचे नाव मध्यापासून किंचित सरकलेले.

याच काळात देशी घड्याळ आले. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने हिंदुस्तान मशीन टूल्सने, म्हणजे एचएमटीने, 1961 मध्ये बंगळूरला कारखाना उभारला. ‘जनता’, ‘सोना’, ‘कोहिनूर’, काळ्या तबकडीचा ‘पायलट’, देवनागरी आकड्यांच्या तबकड्या, दृष्टिहीनांसाठी ब्रेल घड्याळ... सरकारी कारखान्याने केवढी विविधता दिली! पुढे क्वार्ट्झ आले, 1984 मध्ये स्थापन झालेल्या टायटनने बाजाराचा नूर पालटला आणि चावीची घड्याळे कपाटात गेली. तिथून ती भंगाराच्या भावाने व्यापाऱ्यांकडे पोचली. टंचाईत कमावलेले कसब आता वेगळ्या कामाला लागले: लॉटमधली घड्याळे जुळवायची, भडक तबकड्या चढवायच्या आणि परदेशी गिऱ्हाइकाला ‘जुने, अस्सल’ म्हणून विकायची. काम तेच राहिले, पण आता ते लपवले जाऊ लागले. दोष द्यायचा तर या लपवाछपवीला द्यावा.

जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्यास मंजुरी दिली आणि आठवणींना एकदम भाव आला. वडिलांची ‘जनता’ शोधताना अनेकांनी चिमटा आणि डोळ्याचे भिंगही विकत घेतले. नोकरी सांभाळून रात्री घड्याळ उघडणाऱ्या हौशींना शिकायला हे मशीन फार सोयीचे. 17 ज्वेल, चावीचे, तासाला 18,000 ठोके, तारीख-वाराची भानगड नाही.

उघडल्यावर आधी मेनस्प्रिंगचा जोर उतरवायचा. एका हाताने किल्ली धरून दुसऱ्या हाताने दात अडवणारी छोटी कळ बाजूला सारायची आणि किल्ली बोटांतून सावकाश उलटी फिरू द्यायची. हे विसरले तर स्प्रिंग एकदम सुटते आणि चक्रांचे दात जातात. मग बॅलन्सचा एकुलता स्क्रू. त्याची पट्टी उचलली की बॅलन्सचक्र केसाहून बारीक हेअरस्प्रिंगला लोंबकळत वर येते. तिच्या वेटोळ्याला चिमट्याचे टोक लागले की घड्याळाची चाल बिघडलीच म्हणायची. तबकडीवर ‘पॅरा शॉक’ लिहिलेले असते, ती धक्का पेलणारी सोनेरी चिमुकली स्प्रिंग तर उडण्यासाठीच जन्मलेली. ती शोधण्यात फरशीवर कितीतरी रात्री जातात. सगळे धुऊन परत बसवायचे, मेनस्प्रिंगला घट्ट वंगण, बॅलन्सच्या ज्वेलना पातळ तेलाचा सुईच्या टोकाएवढा ठिपका. तेल जास्त झाले तर ते पसरून निघून जाते आणि ज्वेल कोरडा राहतो.

यातले काही जण बदलही करतात. ‘पायलट’च्या मशीनला वेगळे काटे, ‘जनता’ला नवी तबकडी, जुन्या केसला नवी काच. मुंबईचे घड्याळजी करत होते तेच हे काम, मात्र चांगला हौशी काढलेली तबकडी फेकत नाही, पुडीत बांधून, वर तारीख घालून ठेवतो आणि घड्याळ दुसऱ्याला देताना काय बदलले ते सांगतो. रंग उडालेली मूळ तबकडी नव्या रंगवलेल्या तबकडीपेक्षा जास्त मोलाची, ही समज त्याला आली आहे. अडचण आहे ती सुट्या भागांची. कारखाना मिटल्यामुळे बॅलन्स किंवा दांडा हवा तर दुसरे घड्याळ मोडावे लागते. म्हणूनच चोर बाजारात आज काटे नसलेल्या, काच फुटलेल्या, गंजक्या एचएमटींच्या ढिगालाही गिऱ्हाईक आहे आणि विकणाऱ्यालाही ते पुरते ठाऊक आहे.