मेटकऱ्याचं वतन आणि दोरीवरचा स्वयंसेवक

शिरूर-दौंडच्या माणसांपुढं गिर्यारोहणावर बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आपल्याकडं डोंगर आहे कुठं? प्रश्न खरा आहे. ऊस, कांदा, साखर कारखाने, रांजणगावची औद्योगिक वसाहत, दौंडचं जंक्शन हा आपला मुलूख. डोंगर म्हणाल तर यवतवरून दिसणारा भुलेश्वर. त्या डोंगरावर आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं दौलतमंगळ किल्ला बांधला, एवढं आपल्याला ठाऊक असतं.

पण आपलं पाणी बघा. भीमा भीमाशंकरला उगवते. घोड आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातून येते, कुकडी जुन्नरच्या घाटमाथ्यावरून. म्हणजे आपली शेती सह्याद्रीच्या पाण्यावर उभी आहे. आणि आता आपली पोरंही दर रविवारी त्याच सह्याद्रीत जातात. शनिवारी रात्री गाड्या निघतात आणि पहाटे हरिश्चंद्रगड, जीवधन नाहीतर राजगडाच्या पायथ्याला पोहोचतात. त्यातलं एखादं पोर घसरलं, तर त्याला वर काढायला कोण येतं? आजचा विषय तोच आहे.

सुरुवात जरा मागून करू. शिवकाळातला किल्ला म्हणजे नुसता तट आणि बुरूज नव्हे. गडाच्या उतारावर, मध्यावर ठिकठिकाणी चौक्या असत. त्यांना मेट म्हणत आणि तिथं राहणारे ते मेटकरी. गडाखालच्या घेऱ्यात रामोशी, महार, कोळी, बेरड अशा समाजांची माणसं राखणीला असत. कुठल्या वाटेनं माणूस चढू शकतो, पावसाळ्यात कुठला कडा सुटतो, पाणी कुठं मिळतं, हे त्यांना पाठ असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण आहे. गडाच्या वाटांची आणि पहाऱ्याची त्यात किती बारकाईनं काळजी घेतलीय ते जरूर वाचा.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की ही माणसं फुकट राबत नव्हती. त्यांना जमिनी होत्या, हक्क होते, ठरलेलं धान्य किंवा पैसा होता. डोंगराचं ज्ञान ही समाजाच्या उपयोगाची वस्तू आहे आणि ते जपणाऱ्याचं पोट समाजानं सांभाळायचं, असा तो व्यवहार होता. तो सगळीकडं न्याय्यच होता असं मी म्हणणार नाही. जातीची उतरंड त्यातही होतीच. पण व्यवहार होता.

१८१८ ला पेशवाई बुडाली. पुन्हा बंड झालं तर किल्ल्यांचा आसरा मिळू नये, म्हणून कॅप्टन डिकिन्सन या इंग्रज अधिकाऱ्यानं किल्ल्यांची पाहणी केली आणि पुष्कळ ठिकाणी तट, दरवाजे, वाटा मोडून टाकल्या. अलंग-मदनच्या तुटलेल्या पायऱ्यांपाशी आज दोर लावावा लागतो, तो उगाच नाही. पायऱ्या मोडल्या, पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे गडाची फौज गेली आणि राखणदाराचं कामच उरलं नाही. वाटा जाणणारी माणसं राहिली, पण त्यांना विचारणारं कुणी राहिलं नाही.

मग जवळपास सव्वाशे-दीडशे वर्षांनी शहरातली माणसं डोंगरात परतली. २९ मे १९५३ ला तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले. पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट निघाली आणि मुंबईत गिरिविहार ही संस्था उभी राहिली. गोनीदांनी लिहून-बोलून किल्ल्यांचं वेड घराघरांत पोहोचवलं. पुण्यात १९८२ मध्ये गिरिप्रेमी स्थापन झाली. तिच्या आठ गिर्यारोहकांनी १९ मे २०१२ ला एव्हरेस्टवर पाऊल ठेवलं. उमेश झिरपे त्या मोहिमेचे नेते. सगळ्यांना आठवत असेल, पेपरात पहिल्या पानावर होतं.

शिखराचा फोटो पहिल्या पानावर येतो. संस्था मात्र चालते ती आतल्या पानावरही न येणाऱ्या माणसांवर. दोर धुऊन सावलीत वाळवणारा, दोरावर किती वेळा जोराचा झटका बसला ते वहीत लिहून ठेवणारा, वर्गणी मागत फिरणारा. दोराची वही ही बारीक गोष्ट वाटते, पण त्या नोंदीवरूनच ठरतं की हा दोर आता बाद करायचा. आळस केला तर माणूस जातो.

हीच माणसं पुढं बचावाच्या कामात ओढली गेली. कुणी नेमलं नव्हतं. दरीत उतरायचं तंत्र आणि सामान त्यांच्यापाशी होतं, म्हणून पोलीस ठाण्यातून फोन यायला लागले. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स ही नावं अशीच माहीत झाली.

२८ जुलै २०१८. आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस शेकडो फूट खोल दरीत गेली. तीस माणसं गेली. पावसात, धुक्यात दोर लावून खाली उतरून ते मृतदेह वर आणण्यात महाबळेश्वर-पोलादपूरकडच्या ट्रेकर मंडळींचा मोठा वाटा होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी गाडली गेली. वाडीला रस्ताच नव्हता. यंत्रं पोहोचेनात, चिखल हातांनी उपसावा लागला. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. चढता चढता अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकारानं मृत्यू झाला. तिथंही स्वयंसेवक रात्रीच वर पोहोचले होते.

आपल्या शेजारचं माळीण तर विसरता येणारच नाही. ३० जुलै २०१४, १५१ माणसं. एसटीच्या चालकाला नेहमीचं गाव दिसेना, तेव्हा जगाला कळलं. तो डोंगर आपल्याच घोडेच्या खोऱ्यातला, डिंभे धरणाच्या वरचा.

आता तुम्ही म्हणाल, सरकारचं दल आहे की. आहे. एनडीआरएफची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे आणि तिचं काम मोठं आहे. पण सुदुंबऱ्याहून एखाद्या घाटातल्या कड्यापाशी पोहोचायला तास लागतात. जखमी माणसाला तेवढे तास नसतात. शिवाय एका माणसाला स्ट्रेचरवरून डोंगर उतरवायचा तर आलटून-पालटून खांदा द्यायला पंधरा-वीस जण लागतात. ते जवळपासचेच असावे लागतात. वाट दाखवायला ठाकर, कातकरी, महादेव कोळी वाड्यांतली माणसं लागतात. म्हणजे बघा, मेटकरी पुन्हा हजर!

फक्त त्याचं वतन गेलं. रात्री दोनला उतरणारा पोरगा सकाळी दुकान उघडतो नाहीतर कारखान्यात पाळीला जातो. खाडा झाला तर पगार जातो. दोर झिजला तर पदराला खार. स्वतः जखमी झाला तर घरचे बघतील. २०२१ मध्ये राज्यानं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, नोंदणी आणि प्रशिक्षणाच्या अटी घातल्या. चांगलंच झालं. पण ते मुख्यतः पर्यटकांना डोंगरात नेणाऱ्यांसाठी आहे. मध्यरात्री फोन आल्यावर धावणारा माणूस त्या चौकटीत नीट बसत नाही. आपण त्याचा सत्कार करतो. शाल देतो, श्रीफळ देतो. शालीवरून दरीत उतरता येत नाही, मंडळी.

म्हणून इतिहासातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ती व्यवहाराची उचला. गावाच्या राखणीची किंमत गावानं द्यायची. बचाव करणाऱ्याचा विमा, दोर-स्ट्रेचरचा खर्च, बचावाला गेलेल्या दिवसाची भरपगारी रजा. आपल्या कारखान्यांना, सोसायट्यांना, कंपन्यांना यातलं काहीच जड नाही. डोंगर आपल्या तालुक्यात नाही, पण दरीतून वर येणारं पोर आपलं असू शकतं.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.