‘नेले’ : साथीचे रोग, घरातील भाषा आणि मूल

साथीच्या रोगांचा इतिहास आपल्याकडे बहुधा मृत्यूच्या आकड्यांतून किंवा सरकारी उपायांच्या हकीकतींतून लिहिला गेला आहे. त्या दिवसांत घरातील मुलाच्या मनावर काय गुदरले, या प्रश्नाला दप्तरांत जागा मिळालेली नाही. मिळणे शक्यही नव्हते, कारण मूल कागद मागे ठेवीत नाही. तथापि वडील माणसे त्याच्याशी कोणत्या शब्दांत बोलत असत, याचा माग भाषेत टिकून राहतो. प्रस्तुत टिपणात तो माग काढण्याचा प्रयत्न आहे. त्याचे निमित्त परभणी जिल्ह्यातील देवगाव फाटा येथे झालेले एक संभाषण होय. त्याकडे शेवटी येऊ.

परभणीचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. येथील मराठी बोलणाऱ्या कुटुंबांनी रोगांना दिलेली नावे त्यामुळे सरकारी कागदांत शोधण्यात फारसा अर्थ नाही. ती सापडतात बायकांच्या बोलण्यात आणि शिव्यांत. पटकी, वाखा, जरीमरी हे शब्द रोगाचे म्हणून बहुतेक विसरले गेले, पण ‘तुला पटकी येवो’ हा तळतळाट जिवंत राहिला. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला लोकांनी ‘मानमोडी’ म्हटले. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली असे अंदाज आहेत.

देवीच्या रोगाची भाषा मात्र निराळी होती. ‘देवी आल्या’ असे आदरार्थी बहुवचनात म्हणावयाचे, आल्या पाहुणीचा मान ठेवावयाचा, आजाऱ्याजवळ कडुलिंबाचा डहाळा ठेवावयाचा, घरात मोठ्याने भांडावयाचे नाही. या समजुतीने रोग बरा होत नसे, हे उघड आहे. पुढे टोचण्यालाच ‘देवी काढणे’ हे नाव पडले आणि लशीच्याच बळावर हा रोग १९८० साली जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. पण घरातील दुसऱ्या मुलाच्या बाजूने पाहिले, तर या भाषेत त्याला काय चालले आहे ते कळत होते आणि करावयास काही काम होते. कडुलिंबाचा पाला आणावयास त्यालाच धाडीत.

या परंपरेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. साथीत आई गेलेल्या मुलाला ‘आईला खाल्ले’ असे म्हणणारी भाषाही हीच आणि लग्नानंतर घरात मृत्यू झाला तर सुनेला ‘पांढऱ्या पायाची’ ठरविणारीही हीच. ती सून पुष्कळदा दहा-बारा वर्षांचे मूलच असे. दुःखाच्या जोडीला दोषही मुलाच्या पदरी बांधण्याची ही रीत कोणत्याही साथीइतकीच जुनी असावी.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीस आला. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि पुण्यात रँड यांच्या अधिकाराखाली गोऱ्या सोल्जरांनी घरझडत्या सुरू केल्या. आजाऱ्याला इस्पितळात आणि घरच्यांना वेगळ्या छावणीत नेण्यात येई. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन आपला मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोचविले; त्यांना स्वतःला लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. ही घटना त्यागाची म्हणून सांगितली जाते, ते योग्यच आहे. आजारी मुलाला परक्या हातांनी उचलून नेणे आणि कुणा बाईने पाठीशी घेणे यांतला फरक मात्र सहसा सांगितला जात नाही.

गावोगावी लोक घरे सोडून रानात झोपड्या घालून राहू लागले. तेथे हाल होतेच. पण मुले आईबापांजवळ होती आणि खेळायला मोकळे रान होते. एकाच रोगावरचे हे दोन उपाय. दोहोंतही माणसे गावापासून तोडली जातात. मुलाच्या दृष्टीने मात्र एकात कुटुंब मोडते, दुसऱ्यात ते सबंध राहते.

२०२० साली पुन्हा टाळेबंदी आली. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण महाराष्ट्रातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून उघडले. २०२० च्या जूनमध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाने शाळेचे दार पाहिले ते दुसरीत असताना. आईबाप दोघेही गमावलेल्या मुलांच्या नावे राज्य शासनाने पाच लाखांची ठेव जाहीर केली. ती आवश्यकच होती. परंतु ‘मुले घरात रोग आणतात’ हे वाक्य त्या दोन वर्षांत किती मुलांच्या कानी पडले असेल, आणि आजोबा गेल्यावर त्यांतील किती मुलांनी ते स्वतःवर घेतले असेल, याची नोंद कोण ठेवणार? ‘आईला खाल्ले’ या जुन्या वाक्प्रयोगाचेच हे सुधारलेले रूप आहे, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

आता देवगाव फाट्याचे संभाषण. सेलू तालुक्यातील या ठिकाणी मी बोलीतील शब्द टिपून घेत होतो. एक वृद्ध बाई २०२१ च्या उन्हाळ्यातील आपल्या यजमानांचे आजारपण सांगत होत्या. ‘दवाखान्यात नेलं,’ त्या म्हणाल्या, आणि दोन वाक्यांनंतर, ‘देवानं नेलं.’ प्रेत घरी आले नव्हते. मराठीत ‘नेणे’ हे क्रियापद दोन्ही ठिकाणी चालते आणि कर्ता सांगितला नाही तरी वाक्य पुरे होते. प्रौढाला प्रसंगावरून अर्थ लागतो. शेजारी बसलेल्या नातीने, वय सुमारे आठ, विचारले, ‘मग आबाला कोणी नेलं? दवाखान्यानं का देवानं?’

बाई काही वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी तिला जवळ ओढले आणि पहिल्या दिवशीच्या तापापासून सगळे क्रमाने सांगितले : गाडी कोणाची होती, सोबत कोण गेले, फोन केव्हा आला, अग्नी कोणी दिला. मुलीने मध्येच दोनदा विचारले, ‘माझ्यामुळं नाही ना?’ दोन्ही वेळा बाईंनी ‘नाही’ असे म्हणून सांगणे पुढे चालू ठेवले. त्या संपूर्ण निवेदनात ‘नेले’ हे क्रियापद एकदाच आले, आणि तेथे कर्ता होता : ‘तुझ्या बापानं नेलं.’